पुस्तकात नसलेलं बोलणं

रायपूर, ११ ऑगस्ट

चेतना,

सिगडी पेटवून डाळीचा गंज चढवला होता, नळ जायच्या आत दोन्ही हंडे भरले होते, गँगमननं आणून दिलेली तुझ्या बाबांची खाकी धुऊन मागच्या तारेवर टाकली होती आणि तुझी एक वेणी घालून झाली होती. दुसरीसाठी मी रिबीन दातांत धरली होती. तू तेव्हा दुसरीत होतीस. आपल्या रेल्वे क्वार्टरच्या मागे बेशरमाच्या झाडांचं कुंपण आणि त्याच्या पलीकडे रूळ. ट्रॉलीचा खडखडाट आला की तुला कोणी धरून ठेवू शकत नसे. तशीच पळालीस, अर्धे केस मोकळे.

ट्रॉलीवर मोठ्या छत्रीखाली साहेब बसले होते आणि त्यांच्या बाजूला तुझे बाबा, पुलाच्या गँगचे मिस्त्री हिरालाल. पाऊस लागल्यापासून ते घरी आले नव्हते. नदी चढली होती आणि जुन्या पुलाच्या पायातली माती सुटत होती. साहेबांनी ट्रॉली थांबवायला लावली. म्हणाले, "हिरालाल, उतर जाओ. बच्ची खड़ी है. दस मिनट में क्या बिगड़ता है?" तुझे बाबा म्हणाले, "नहीं साहब, पहले पुल." तुझ्याकडे पाहून त्यांनी हात वर केला, आणि ट्रॉली गेली.

तो पूल खचला नाही. त्याच्यावरून आजही गाड्या जातात. मी घरात आले, तुझी दुसरी वेणी घातली आणि तुला शाळेत पाठवलं. त्या सकाळचा मला गर्व होता आणि आजही आहे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुठे मी नरमले असं तुला वाटायला नको.

फोन करत नाही, कारण फोनवर तू हिंदीत बोलतेस, मी मराठीत, आणि दोघी एकाच वेळी बोलतो. पत्रात मला मध्ये कोणी तोडत नाही. तू मराठी लिहीत नसलीस तरी वाचतेस, हे मला माहीत आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. हिंदी वाचायला शिकले ती तुझ्या बाबांनी भिंतीला लावलेल्या रेल्वेच्या वेळापत्रकावरून. स्टेशनांची नावं आधी पाठ झाली, अक्षरं मागून आली. तेव्हापासून जे हाती लागलं ते वाचलं. बोलताना मी आपलं बोलते, पण लिहिताना पुस्तकासारखं लिहिते. त्याचाही गर्व आहे असं समज.

आता त्या रविवारचं. तू हैदराबादहून बाबांच्या तिसऱ्या पुण्यस्मरणाला आली होतीस. विहारात वर्षावास चालू होता, पावसाळ्याचे तीन महिने. रोज संध्याकाळचं ग्रंथवाचन संघर्षकडे असतं. तो आपल्या विहार समितीचा सेक्रेटरी झाला आहे, बँकेत असतो. रविवारची गोष्ट मात्र माझी. मी चीनच्या जुन्या गोष्टी सांगायला घेतल्या तेव्हा त्यानंच हरकत घेतली होती. "ताई, ह्या देव-राक्षसाच्या गोष्टी आपल्या विहारात काहून?" मी म्हणाले होते, "देवाले हात जोडा असं कोन म्हनते? मानूस गर्वानं कसा पडते अन् मन कसा आवरते, तेवढं पाहाचं. अन् चीनचा भिक्खू पायी चालत आपल्या सिरपूरले आला म्हनतात. त्यानं आपलं आयकलं. आपन त्याचं आयकलं तं काय बिघडते?" तेव्हा त्यानं ऐकून घेतलं होतं.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतं झालेलं, थेंब टाकलेले, म्हणून पुस्तक मी तुझ्या हातात दिलं. गोष्ट पूर आवरणाऱ्याची होती. सगळी पृथ्वी पाण्याखाली जाते. पहिल्यांदा बाप ते काम घेतो. तो स्वर्गातून आपोआप वाढणारी माती चोरून आणतो आणि बांध घालतो. पाणी चढलं की बांध आणखी उंच. शेवटी बांध फुटतो, जास्तच माणसं मरतात, आणि बापाला देहदंड होतो. मग मुलगा काम घेतो. तो बांध घालत नाही. पाण्याला वाट खणून देतो, थेट समुद्रापर्यंत. वर्षानुवर्षं खणतो, आणि त्या काळात तीनदा आपल्याच दारावरून जातो. एकदा आत बाळ जन्मून रडत असतं. एकदा ते आईच्या कडेवर असतं. एकदा ते मोठं होऊन हाक मारतं. तो एकदाही आत जात नाही.

इथे पुढच्या चटईवरची शांताबाई म्हणाली, "चेतना बेटा, आता ते ताटाचं तूच वाच. तुयी आई लय गोड सांगते, पन आज तुयाच तोंडून आयकू दे." तिथल्या साऱ्या बायांना ते पाठ आहे. दारातून त्याची बायको म्हणते, "तुमी जा पान्याकडं. तुमचं वरन-भाताचं ताट मी रोज वाढते, अन् निवलं की मीच जेवते. पूर तुमी आवरा. मन मी आवरलं हाय."

तू पान उलटलंस. परत मागे आलीस. म्हणालीस, "आंटी, ये तो इसमें है ही नहीं."

"नीट पाह्य नं. पान चिकटलं असन."

"नहीं है, आंटी. वो औरत तो एक शब्द नहीं बोलती. आई ने अपने मन से जोड़ा है."

मग संघर्ष. "म्हनजे ताई, तीन वर्षं आमाले किताबातलं म्हनून जे सांगितलं…" त्यानं वाक्य पुरं केलं नाही. भिंतीवर पंचशील लिहिलेलं आहे, चौथ्या शीलाकडे त्यानं नुसतं पाहिलं. खोटं बोलू नये, ते.

मी तुझ्या हातून पुस्तक घेतलं. काय म्हणाले ते तुझ्या लक्षात असेल. "गोष्ट सांगनारी मी हाय. पटन त्यानं आयका, नाई तं चटया गुंडाळा." आणि घरी आले. तू मागून "आई, रुको ना" करत होतीस. दुसऱ्या दिवशी तू गाडीत बसलीस. डबा दिला तो घेतलास, बोलली नाहीस.

काल संघर्षचा निरोप आला आहे. ताईंनी सगळ्यांसमोर सांगावं की ते बोलणं पुस्तकात नव्हतं, त्यांचं होतं. मग जागा त्यांचीच. नाही सांगितलं तर रविवारची गोष्ट तो सांगेल.

मी सांगणार नाही. पत्र टाकायला तात्यापारा चौकापर्यंत पायी जाते आहे. रस्त्यात कोणी भेटलं तर मान खाली घालणार नाही.

तुझी आई


रायपूर, २७ ऑगस्ट

चेतना,

काल तीज झाली. आपण करत नाही, पण रस्ता पोरींनी भरला होता. इथे लेकी तीजाला माहेरी येतातच, तुला माहीत आहे. समोरच्या घरच्या दोन्ही आल्या. एक मला म्हणाली, "चाची, चेतना दीदी नई आइस?" मी म्हणाले, "कामात हाय." खोटं नाही बोलले. कामात असशीलच.

तुझा व्हॉट्सॲप मिळाला. पत्राला दोन ओळींचं उत्तर. "आई, गोष्ट मत बदलो. जो कहना है, अपने नाम से कहो." वाचलं. पुन्हा वाचलं. लहान पोराला शिकवल्यासारखं आईला शिकवलंस.

मग मीही तुला एक सांगते. याच पुस्तकात एक राक्षस आहे. त्याला वाटलं, आपण सूर्याला धरू. निघाला धावत. सूर्य पुढे, हा मागे. तहान लागली तशी एक नदी पिऊन टाकली, मग दुसरी. तरी तहान जाईना. मग एका मोठ्या तळ्याकडे निघाला आणि वाटेत पडून मेला. हातातली काठी पडली तिथे पीच फळाची राई उगवली. मी विहारात नेहमी सांगायचे, की धावण्याचं वेड त्याला नव्हतं, दुसऱ्यापेक्षा मोठं असण्याचं होतं. ती गोष्ट मी आज तुझ्यासाठी लिहायला घेतली होती. म्हणजे, चारचौघांत आईची चूक धरून तू कोणता सूर्य धरलास, असं विचारणार होते. अर्धी लिहून झाल्यावर मला दिसलं, की विहारात रविवारी सगळ्यांच्या पुढे बसायला मला किती आवडतं. म्हणून विचारत नाही. गोष्ट लिहून झाली आहे ती राहू दे.

संघर्ष घरी आला होता. खुर्चीच्या अगदी काठावर बसला.

"ताई, मी काही दुश्मन नाही तुमचा."

"चहा घे."

"तुमी एक वाक्य म्हना. बस. 'हे माझं होतं.' लोक विसरून जातील."

"मी नाही विसरनार नं."

"पन ताई, लहान पोट्टे बसतात तिथं. आपन त्याहिले शिकवतो, कोनी सांगितलं म्हनून मानू नका, किताबात हाय म्हनून मानू नका. अन् आपनच किताबात नाही ते किताबातलं म्हनून देतो."

हे बरोबर बोलला. म्हणून मला जास्त राग आला. मग जाता जाता दारात चप्पल घालताना म्हणाला, "तसं मले पहिलेच समजाले पायजे होतं. चीनच्या घरात वरन-भात कुठून आला?" आणि हसला. मीही हसणार होते. हसले नाही. म्हणाले, "तिथं भात पिकते, संघर्ष. डाळीचं तू पाहून घे." तो गेल्यावर एकटी हसले. तीन वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

शांताबाईचं वेगळंच. ती भाजी घेऊन आली, लाल भाजी निवडत बसली आणि म्हणाली, "अंजना, किताबात नसन तं नसन. मले ते ताट पायजे. माया घरचा मानूस उभा जन्म मालगाडीवर होता. मी रोज मनातल्या मनात तेच म्हनते आता. तू काढून नोको घेऊ."

आता सांग. तू म्हणतेस माझ्या नावानं बोल. माझ्या नावानं बोलले असते तर शांताबाईनं घेतलं असतं का? अंजनाबाईचं कोण ऐकतं? पुस्तकातल्या बाईचं ऐकतात.

तुझी आई


रायपूर, ८ सप्टेंबर

चेतना,

संघर्षनं काल दुसऱ्यांदा गोष्ट सांगितली. मोबाइलवरून वाचली. मी गेले नव्हते. शांताबाई सांगत होती, "काय सांगू, अर्ध्या बाया पेंगल्या, अन् मी तं सरळ भिंतीले टेकून झोपली." मला आनंद झाला. लपवत नाही. गोल बाजारात दुपारी स्टीलचा डबा घ्यायला गेले होते, तिथे विहारातल्या दोघी भेटल्या. "ताई, या नं आता. तुमच्याबिगर मजा नाही," असं म्हणाल्या. मी डब्याचं झाकण नीट बसतं का ते पाहत राहिले, जसं मला ऐकूच आलं नाही. घरी येईपर्यंत मान ताठ होती. घरी आल्यावर दुखायला लागली.

या पुस्तकात आणखी एक आहे. पाण्याचा देव. लढाईत हरतो. हरलेलं सहन होत नाही म्हणून ज्या डोंगरानं आभाळ तोलून धरलेलं असतं, त्याच डोंगरावर जाऊन डोकं आपटतो. डोंगर मोडतो. आभाळ एका बाजूला कलतं, जमीन दुसऱ्या बाजूला खचते, आणि तेव्हापासून सगळ्या नद्या पूर्वेकडे वाहू लागतात. मी ही सांगितली तेव्हा शांताबाईनं विचारलं होतं, "मंग आपली महानदी त्याच्याच डोक्यानं तिकडं जाते का?" सगळे हसले होते. मी म्हणाले होते, "एकाच्या रागानं कोनाकोनाचं पानी फिरते ते पाहा." विहारात ज्या बाईनं हे सांगितलं ती किती शहाणी होती. तिला आता बोलवून आणावं असं वाटतं.

तुला एक माहीत नाही, ते सांगते. माफी म्हणून नाही. तुला वाटतं मी शोभेसाठी जोडलं, म्हणून सांगते.

हे पुस्तक तुझ्या बाबांनीच आणलेलं. गोल बाजाराच्या बाहेर रद्दीवाल्याकडून, जाड, वरचं पान फाटलेलं, कुणी लिहिलं त्याचं नावही नाही. नोकरीत असताना ते आणायचे आणि मी वाचायचे. त्यांना स्वतःला वाचायचा कंटाळा. शेवटी दवाखान्यात मात्र म्हणाले, "तूच वाच. वेळ जात नाही." दुपारची वेळ होती, वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची गर्दी, बाजूच्या खाटेवर कोणी संत्री सोलत होतं. मी पूर आवरणाऱ्याची गोष्ट वाचत होते. तो दारावरून जातो, आत जात नाही, तिथे तुझ्या बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "हा तं आमच्या गँगचा दिसते." मी हसले. मग त्यांनी छताकडे पाहत विचारलं, "अन् त्याची बायको काय म्हनते?"

मी पानावर पाहिलं. काहीच म्हणत नव्हती. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात ती बोलत असेल, माझ्या पुस्तकात नाही. त्यानं नद्या वळवल्या, राजा झाला, हे सगळं आहे. ती दारात आहे आणि मग नाही.

मी पानावरून नजर न काढता वाचलं. ते ताटाचं. जसं तिथे छापलेलंच आहे.

ते म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, नाही तर त्यांना कळलं असतं. त्यानंतर रोज दुपारी तेवढंच मागायचे. "ते बाईचं वाच." गेले त्या दिवशीही वाचलं. त्यांना खरं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. वरण-भातावरून कळलं असेल. माणूस हुशार होता.

ते गेल्यावर मी विहारात ती गोष्ट सांगायला लागले तेव्हा ते बोलणं त्या पानावरच होतं, माझ्यासाठी. तिथून ते काढायचं म्हणजे त्यांना खाटेवर पुन्हा विचारायला लावायचं, आणि मी 'काहीच म्हणत नाही' असं सांगायचं. ते मी करणार नाही. मी त्यांच्यावर कधी रागावलेच नव्हते. मग बायकोचं ते बोलणं खोटं कसं?

तुझी आई


रायपूर, २२ सप्टेंबर

चेतना,

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. तू रडत होतीस म्हणून मी मध्ये तोडलं नाही. आता त्या फोनवरचं जसं झालं तसं लिहिते, म्हणजे तुझ्या आठवणीतला फोन एक आणि माझ्या आठवणीतला दुसरा, असं व्हायला नको.

तू म्हणालीस, "आई, चिट्ठी पढ़ी. दवाखाने वाली. मुझे पता नहीं था." मग म्हणालीस, "एक बात पूछूं? पहली चिट्ठी में तूने लिखा है, ट्रॉली गई, फिर तूने मेरी चोटी बनाई. बीच में क्या किया था?"

मी म्हणाले, "काय करनार? वेनी घातली."

"उसके पहले, आई."

"मले आठवत नाही."

"मुझे याद है. तूने सिगड़ी से दाल का गंज उठाया और पीछे जाकर कुंपण के बाहर उलटा कर दिया. पूरा. गंज भी फेंक दिया. मैं वहीं खड़ी थी. उस दिन मैं टिफिन में सूखा भात ले के गई थी."

मला आठवत होतं. तो गंज दुसऱ्या दिवशी गँगमननं आणून दिला, पोचा आलेला. मी त्याला सांगितलं होतं की कुत्र्यानं ओढत नेला.

तू म्हणालीस, "मैं बाबा से गुस्सा थी, सालों तक. तू हर बार वही ताट वाली बात सुना देती. कितनी महान थी वो औरत. मुझे लगता था, मैं ही खराब हूं, मुझे ही गुस्सा आता है. आई, उस औरत को गुस्सा होने की जगह तो दे. किताब ने नहीं बोला उसका, ठीक है. तूने उसका मुंह भी बंद कर दिया."

मी म्हणाले, "मन आवरनं शिकवत होती मी."

मग तू जे म्हणालीस ते मी दोन रात्री डोक्यात घेऊन फिरते आहे. तू म्हणालीस, "तू ही तो सिखाती है, बांध मत बांधो, रास्ता दो. तू तो बांध पे बांध चढ़ा रही है. तू उस कहानी का बेटा नहीं है, आई. तू बाप है."

मी फोन ठेवला. तू समजलीस की मी रागानं ठेवला. तसं नव्हतं. कुकरची शिटी होत होती, गॅस बंद करायला उठले.

मग बसून विचार केला. ती चोरून आणलेली माती. आपोआप वाढणारी. त्या दुपारी मी एक ओळ टाकली, तुझ्या बाबांसाठी. ती टाकली याचं मला अजिबात वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा टाकीन. पण ते गेल्यावर ती थांबायला हवी होती, ती वाढत गेली. विहारात गेली, शांताबाईच्या घरात गेली, तुझ्यापर्यंत गेली. मी साऱ्यांना म्हणायचे, पाहा त्या बाईनं मन कसं आवरलं. आवरलं कुठे होतं? दडपलं होतं आणि वर ऐटीत बसले होते.

आणि एक. तू त्या रविवारी पुस्तकात पाहिलंस, नव्हतं, नाही म्हणालीस. आई समोर बसलेली असून. ही सवय तुला कोणी लावली? मीच लावली. तू लहान असताना चुकीचं वाचलंस की मी बोट ठेवायचे, "इथं काय लिहिलं हाय? तेवढंच वाच." मी इतके दिवस तुझ्यावर रागावून बसले, पण त्याच्याखाली मला तुझा गर्वच होता. आता वर आला आहे तर लिहून टाकते.

एक गोष्ट मात्र मान. तुझ्या बाबांनी पूल राखला. दारात उतरले नाहीत ते बरोबर की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनाही सांगता येत नव्हतं, नाही तर खाटेवर पडून त्यांनी विचारलं नसतं. मला त्यांचा गर्व आहे आणि मी त्यांच्यावर रागावले होते. या दोन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात. आपल्या दोन खोल्यांच्या घरात याहून जास्त माणसं राहिली आहेत.

शनिवारचं एवढंच. तांदूळ पुन्हा निवडले, कारण बोलताना खडे तांदळात आणि तांदूळ खड्यांत टाकले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पांढरी साडी नेसले, पुस्तक घेतलं आणि वेळेच्या आधी विहारात गेले. संघर्ष मोबाइल काढून बसला होता. मला पाहून त्यानं तो खिशात ठेवला आणि काही न बोलता बाजूला सरकला. मी चष्मा लावला. पूर आवरणाऱ्याची गोष्ट पहिल्यापासून वाचली, पानावर आहे तेवढीच. तिसऱ्यांदा तो दारावरून जातो, तिथे थांबले.

शांताबाई म्हणाली, "अन् ताट?"

मी सांगितलं, "किताबात इथवरच हाय. ताटाचं मी जोडलं होतं. चेतनाच्या बाबाले दवाखान्यात आयकवाले. तुमाले किताबातलं म्हनून सांगितलं, ते खोटं सांगितलं."

शांताबाईचे डोळे भरले होते, पण तिनं नजर काढली नाही. तिनं विचारलं, "मंग ती बाई काय म्हनली असन वं?"

"ती रागावली होती," मी म्हणाले. "लय रागावली होती."

संघर्षनं हळूच विचारलं, "ताई, हे पन किताबात नाही नं? मंग कशावरून म्हनता?"

मी म्हणाले, "माया सोतावरून."

तुझी आई